इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय? आधी मोजायला शिका



"रिपेअरिंगचं दुकान टाकायचं आहे, कोणती मशीन घेऊ?" वलगावात दुकानावर येणारी पोरं हाच प्रश्न विचारतात. माझं उत्तर एकच: मशीन राहू द्या, आधी साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. काहून, तर करंट डोळ्याला दिसत नाही. अंदाजाने पार्ट बदलत बसलं की पार्टचे पैसेही जातात अन् गिऱ्हाईकही जातं.

पहिला धडा: 9 व्होल्टची बॅटरी

घरातल्या 230 व्होल्टला सुरुवातीलाच हात घालू नका. एक 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ब्रेडबोर्ड आणि 470 ओहमचा रेझिस्टर (पट्टे: पिवळा, जांभळा, तपकिरी) पुरे. बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, पुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय मायनसला.

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून मोजा. एलईडीवर साधारण 2 व्होल्ट आणि रेझिस्टरवर 7. बेरीज बॅटरीएवढीच! आता ओहमचा नियम लावा: 7 भागिले 470, म्हणजे सुमारे 15 मिलिअँपिअर. रेझिस्टर काढला तर एलईडी का जळतो, हे इथंच समजतं.

दुसरा धडा: बंद पडलेला एलईडी बल्ब

आतल्या पाटीवर एलईडी बहुतेक एकामागे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की सगळे बंद. जळालेल्यावर बरेचदा काळा ठिपका दिसतो.

पण जपून, बाप्पा! बल्ब होल्डरमधून काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. मीटर डीसीच्या सर्वात मोठ्या रेंजवर लावा, आकडा शून्याजवळ आल्यावरच हात लावा. बऱ्याच स्वस्त बल्बांत ड्रायव्हर लाईनपासून वेगळा केलेला नसतो, म्हणून उघडा बल्ब चालू असताना पाटीला हात लावला तर थेट शॉक बसतो.

तिसरा धडा: वही

प्रत्येक वस्तूची नोंद ठेवा: तक्रार काय, मीटरवर किती आलं, कोणता पार्ट बदलला, किती वेळ लागला. वीस नोंदी झाल्या की मजुरी किती घ्यायची, हे वहीच सांगते.

आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड दोन वर्षांचा आहे. जमत असेल तर नक्की करा. पण त्याची वाट पाहत थांबू नका. आज बॅटरीवर एलईडी लावा अन् तीन आकडे वहीत लिहा: बॅटरी, रेझिस्टर, एलईडी. बेरीज जुळली, की पहिला धडा पास!