पक्वाशयावरील शस्त्रकर्म आणि पूर्वकर्मातील प्रतिजैविके

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील अग्रोपहरणीय अध्यायात शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले असून उदर, अर्श, अश्मरी, भगंदर इत्यादी व्याधींत रुग्णास उपाशी ठेवूनच शस्त्रकर्म करावे, असा निर्देश दिला आहे. चिकित्सास्थानात परिस्रावी उदराच्या प्रसंगी आतड्याचे छिद्र काळ्या मुंग्यांच्या दंशाने सांधण्याचा विधीही आला आहे. तो आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्याच शल्यतंत्राने पूर्वकर्मावर दिलेला भर आपल्या चर्चेत मागे पडतो. प्रस्तुत लेखात आधुनिक पूर्वकर्मातील एका अंगाचा, म्हणजे मोठ्या आतड्यावरील नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी द्यावयाच्या प्रतिजैविकांचा विचार करावयाचा आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण ही शस्त्रक्रिया स्वतः करीत नाहीत, हे खरे. परंतु रुग्ण शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस आपल्याकडेच औषध घेत असतो आणि टाके काढल्यावर पुन्हा आपल्याकडेच येतो. त्याच्या घरातील माणसे औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून "अजून पाच दिवसांच्या गोळ्या द्या" म्हणतात. म्हणून हा विषय शल्यचिकित्सकाइतकाच आपला व औषध विक्रेत्यांचाही आहे.

मोठ्या आतड्यातील मळाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार कोटी जीवाणू असतात. त्यांतील बहुसंख्य प्राणवायूविना जगणारे. बॅक्टेरॉइड्स हा त्यांचा प्रमुख गट. ई. कोलायसारखे प्राणवायूतही वाढणारे जीवाणू त्यांच्या जोडीला असतात. आतड्याचा छेद घेताच यांतील काही उदरपोकळीत व पोटाच्या जखमेत उतरणारच, शस्त्रक्रियागृह कितीही निर्जंतुक असले तरी. यामुळे येथे केवळ एका गटावर चालणारे औषध अपुरे पडते. सेफाझोलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी सर्वत्र वापरली जाते, ती दोन्ही गटांचा समाचार एकाच वेळी घेता यावा म्हणून.

प्रतिजैविकांविना या शस्त्रक्रियांचे काय होत असे? १९६५ ते १९८० या काळातील २६ चाचण्यांचा आढावा १९८१ साली प्रसिद्ध झाला. प्रतिजैविक न दिलेल्या गटात जखमेचा संसर्ग ३६ टक्के रुग्णांना झाला होता, तर दिलेल्या गटात २२ टक्के. मृत्यूचे प्रमाण ११.२ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आले होते. यापुढे तुलनेसाठी एखाद्या गटाला औषधाविना ठेवणे समर्थनीय नाही, असा निष्कर्ष त्या लेखकांनी काढला. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात २६० चाचण्या व ४३ हजारांहून अधिक रुग्ण समाविष्ट होते. त्यातही संसर्गाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर येते असे दिसले. आधुनिक शल्यशास्त्रात इतक्या निर्विवाद आधाराच्या गोष्टी फार नाहीत.

काळाचे महत्त्व

आपल्या शास्त्रात औषधसेवनकाल हा स्वतंत्र विषय आहे. प्रतिजैविकाच्या बाबतीतही काळ हाच कळीचा मुद्दा ठरला, परंतु ते उमजायला वेळ लागला. १९५० च्या दशकात ही औषधे बहुधा शस्त्रक्रिया आटोपल्यावर सुरू करीत. लाभ दिसेना, म्हणून ती निरुपयोगी ठरवण्यापर्यंत मजल गेली. १९६१ साली अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी गिनीपिगच्या त्वचेत जीवाणू टोचून निरनिराळ्या वेळी प्रतिजैविक देऊन पाहिले. जीवाणू पोहोचण्यापूर्वीच औषध धातूंत उपस्थित असेल, तर विकृती जवळजवळ होतच नसे. जसजसा उशीर होई तसतसा परिणाम घटे, आणि तीन तासांनंतर दिलेले औषध न दिल्यासारखेच ठरे. जखमेत एकदा जीवाणूंनी ठाण मांडले की रक्तातून येणारे औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही.

१९९२ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील रुग्णालयातून २,८४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विविध शस्त्रक्रिया होत्या. छेदापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्ग ०.६ टक्के, त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के आणि छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के आढळला. म्हणजे फार आधी देणेही व्यर्थच. वॉर्डात सकाळी सहाला इंजेक्शन देऊन रुग्णाला अकरा वाजता शस्त्रक्रियागृहात नेले, तर नोंदवहीत औषध दिल्याचे दिसते, पण छेदाच्या वेळी ते धातूंत पुरेसे असत नाही. सेफाझोलिन छेदापूर्वीच्या एका तासात शिरेतून द्यावे, शस्त्रक्रिया चार तासांहून लांबल्यास किंवा रक्तस्राव फार झाल्यास पुन्हा द्यावे, हा आजचा प्रघात आहे. ही जबाबदारी सामान्यतः भूलतज्ज्ञाकडे असते, आणि ते योग्यच आहे.

केवळ कोष्ठशुद्धी पुरेशी आहे काय?

वैद्याच्या मनात हा प्रश्न साहजिक येतो. विरेचन व बस्तीने कोष्ठ शुद्ध केला, तर संसर्गाचे कारणच उरत नाही, असा तर्क सुचतो. आधुनिक शल्यचिकित्सकही अनेक दशके हेच मानून रेचके व एनिमा देत आले. परंतु १९७७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीने या समजुतीला धक्का दिला. दोन्ही गटांचा कोष्ठ सारखाच स्वच्छ केला होता. एका गटाला आदल्या दिवशी निओमायसिन व एरिथ्रोमायसिन तोंडावाटे दिले. ही पद्धत निकोल्स व कॉन्डन यांनी रूढ केली होती. केवळ शुद्धी झालेल्या गटात ४३ टक्के रुग्णांना संसर्गजन्य उपद्रव झाले, तर औषधही मिळालेल्या गटात ९ टक्के. मळ निघून गेला तरी आतड्याच्या अंतःस्तरावरील जीवाणू शिल्लक राहतात, असा याचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली असा निर्देश दिला की, केवळ संसर्ग टाळण्यासाठी नुसती कोष्ठशुद्धी करू नये. करावयाची तर तोंडावाटे द्यावयाच्या प्रतिजैविकांसह करावी. यावरही मतभेद आहेत. फिनलंडमधील २०१९ च्या चाचणीत शुद्धी व तोंडावाटे औषध या दोहोंचा मिळून लक्षणीय लाभ दिसला नाही. स्पेनमधील २०२० च्या चाचणीत मात्र शुद्धी न करताही तोंडावाटे औषध दिल्याने संसर्ग ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शिरेतून द्यावयाच्या औषधाविषयी असा वाद नाही. विरेचनाचे शोधन म्हणून असलेले स्थान यामुळे कमी होत नाही, पण ते प्रतिजैविकाचा पर्याय म्हणून सांगणे शास्त्राला धरून होणार नाही. आतड्याच्या कर्करोगात मार्ग अवरुद्ध झाला असेल, तर तीव्र विरेचन प्राणघातक ठरू शकते. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या रुग्णास शल्यचिकित्सकाच्या संमतीविना विरेचन किंवा बस्ती देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधासाठी प्रतिजैविक चालू ठेवण्याने अधिक संरक्षण मिळत नाही; हाही २०१६ च्या निर्देशांचाच भाग आहे. आपल्याकडे मात्र घरी सोडताना सेफिक्झिमसारखी गोळी पाच-सात दिवस लिहून देण्याची सवय अजून सर्वत्र दिसते. ती भीतीपोटी लिहिली जाते, असे माझे मत आहे. आधीच लिहिलेले औषध आपण परस्पर बंद करू नये, शल्यचिकित्सकाशी बोलावे; परंतु ते आपण होऊन वाढवूही नये. सेफिक्झिम मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये आहे. चिठ्ठी देणारा चिकित्सक, रुग्ण, औषध व मात्रा यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपणे औषध विक्रेत्यावर बंधनकारक आहे. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या देणे या नियमात बसत नाही.

प्रतिजैविकानंतर अतिसार सुरू झाल्यास कुटजादी कल्पांनी तो थांबवण्याचा मोह होतो. यामागे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जीवाणूचा उपद्रव असू शकतो. अशा वेळी कर्पूररसासारखे अहिफेनयुक्त स्तंभक कल्प देणे धोक्याचे आहे; आधी मळाची तपासणी करावी.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास एक कागद लिहून द्यावा. त्यावर चालू असलेले सर्व कल्प, गेल्या महिन्यात घेतलेली प्रतिजैविके आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ती स्पष्ट नोंदवावी. लसणासारख्या रक्तस्राव वाढवू शकणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख विशेषत्वाने करावा. ती दोन आठवडे आधी थांबवण्याची सूचना भूलतज्ज्ञ सहसा करतात.

घरी आलेल्या रुग्णाच्या जखमेभोवती लाली, उष्णता, पू किंवा ताप दिसल्यास लेप व गुग्गुळ कल्पांत दिवस घालवू नयेत. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ताप, नाडीची गती वाढणे, पोट फुगणे आणि वाढती वेदना एकत्र दिसली, तर आतड्याची जोडणी गळत असल्याची शंका घ्यावी. ही अवस्था कोणत्याही गोळीने आटोक्यात येणारी नाही. रुग्णास त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात पाठवावे आणि दूरध्वनीवरून तसे कळवावे.