मदतगट म्हणजे ग्राहकसेवा नव्हे

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. लिब्रे ऑफिसमध्ये जुनी मराठी फाइल उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. वापरकर्त्यांच्या मदतगटात ‘ताबडतोब दुरुस्त करा’ असं लिहिलं, तर उलट मलाच प्रश्न विचारले! ही कसली सेवा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर, वाईट वाटून घेऊ नका. तिथली मंडळी बहुतांशी पगारी नाहीत. तुमच्यासारखेच वापरकर्ते सवडीने उत्तरं देतात. त्यांना तुमचा पडदा दिसत नाही, म्हणून विचारतात. डॉक्टरही आधी ‘कुठे दुखतं?’ विचारतातच ना!

पुढच्या वेळी चार गोष्टी लिहा : विंडोज कोणतं, लिब्रे ऑफिसची आवृत्ती (‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये दिसते), फाइलचा फाँट आणि काय करून पाहिलंत.

तुमची फाइल बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमधली असावी. तो फाँट संगणकात टाका किंवा कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये बदला. जोडाक्षरं मात्र तपासा.

आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. गटात दोन ओळींचा नमुना पुरे. आधार, पेन्शनचे कागद टाकू नका. घाईच असेल, तर पैसे देऊन तंत्रज्ञ बोलवा. आणि उपाय सापडला की गटात जरूर कळवा. पुढच्याचं काम सोपं होईल.