कॅरिबियनच्या आधी जामखेड

प्रश्न : मुलगी इथेच बी.ए.ला आहे. सेवाकार्यासह कॅरिबियनमध्ये एक सत्र शिकायची संधी आलीय. पाठवावं का? — एक आई, सोलापूर

उत्तर : जरूर पाठवा. तिथले क्रेडिट इथलं विद्यापीठ धरेल, हे मात्र आधी लेखी घ्या. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळं; जानेवारीचं सत्र बरं. त्रिनिदाद असेल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी. डॉमिनिकन रिपब्लिक असेल तर स्पॅनिश आजपासूनच! आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली रुग्णसेवेसाठी चीनला गेले, ते तिथली भाषाही शिकले. सेवेच्या नावाखाली नुसते फोटो काढणारे दौरेही असतात, म्हणून कामाचं स्वरूप नीट विचारा. त्याआधी तिला आठवडाभर जामखेडला धाडा. आरोळे दांपत्याने तिथे १९७० साली उभारलेला आरोग्य प्रकल्प पाहायला परदेशातून विद्यार्थी येतात. आपल्याला तर एसटीने जाता येतं.