सीजीपीए म्हणजे सेमिस्टरची साधी सरासरी नव्हे

प्रश्न : माझा मुलगा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आकुर्डीतील कॉलेजात इंजिनीअरिंग करतो. पहिल्या सेमिस्टरला ६.५, दुसऱ्याला ८.५. मग सीजीपीए ७.५ ना? चाकणच्या कंपनीच्या फॉर्मवर टक्केवारीही मागितली आहे.
– एक पालक, निगडी

उत्तर : दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट सारखे असतील तरच ७.५. समजा, पहिल्याला २२ आणि दुसऱ्याला १८ क्रेडिट आहेत. २२ गुणिले ६.५ म्हणजे १४३. १८ गुणिले ८.५ म्हणजे १५३. बेरीज २९६, तिला एकूण ४० क्रेडिटने भागा : ७.४०. विषयांचेही तसेच. चार क्रेडिटच्या थिअरीत 'ए' (८) मिळाला तर ४ गुणिले ८ म्हणजे ३२ गुण, एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये 'ओ' (१०) मिळवूनही १०च. म्हणून अभ्यासाचा जोर मोठ्या क्रेडिटच्या विषयांवर हवा, हे मुलाला आवर्जून सांगा.

टक्केवारीत मात्र फार मुले फसतात. ९.५ ने गुणायची पद्धत २०१७ पर्यंतच्या सीबीएसईच्या दहावीची होती. ती इथे लावू नका. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.२५ म्हणजे ६५. त्या हिशेबाने ७.४० चे ६६.५ होतात, ९.५ ने गुणले तर ७०.३! कागदपत्रांच्या पडताळणीत ही तफावत खोटी माहिती ठरू शकते आणि हातची नोकरी जाऊ शकते. विद्यापीठाचे सूत्र अभ्यासक्रमाच्या पॅटर्ननुसार बदलते. त्यामुळे मुलाच्या पॅटर्नचे सूत्र परीक्षा विभागाकडून लेखी घ्या, फॉर्मवर सीजीपीए आणि टक्के दोन्ही लिहा, सोबत ते पत्र जोडा.