कुएलाप: आधी पाऊस बघा, मग विमान

कुएलापला जायचं ठरलंच, तर तिकीट काढायच्या आधी पावसाचे महिने बघा. उत्तर पेरूतल्या आमाझोनास भागात, सुमारे ३००० मीटर उंचीवर, ढगांत बुडालेल्या जंगलात चाचापोया लोकांचा हा दगडी गड आहे. मे ते सप्टेंबर त्यातल्या त्यात कोरडे. आम्हाला सुट्टी मिळाली मार्चमध्ये. पावसातच गडाची खरी मजा, हे आमच्या ग्रुपचं ठाम मत. सह्याद्रीपुरतं मलाही ते मान्य आहे.

इथली भिंत मात्र आपल्या तटासारखी नाही. चुनखडीचे चिरे रचून आत माती-दगडांचा भराव घातलाय. काही ठिकाणी ती २० मीटरपर्यंत चढते. पाणी भरावात मुरलं की भिंतीला आतून रेटा बसतो. आम्ही जाऊन आल्यानंतर, एप्रिल २०२२ मध्ये, मोठ्या पावसानंतर दक्षिणेकडचा भाग ढासळला. गड बंद झाला, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ठरावीक वाटांपुरता उघडला. त्यामुळे कोणत्या वाटा चालू आहेत ते निघण्याआधीच विचारून घ्या. आणि दोरी बांधलेली दिसली की फोटोसाठीही पलीकडे पाय टाकू नका. बुरुजावर फतकल मारून डबा सोडायची आपली सवय इथे तर नकोच.

प्रवेशाची वाट दोन उंच भिंतींमधून चढत जाते आणि निमुळती होत होत शेवटी एका माणसापुरती उरते. शत्रूला अडवायला उत्तम, पण पाय घसरलेल्याला उचलायला वाईट. आमच्यासोबतच्या वहिनींच्या पोंचोचं टोक त्यांच्याच पायाखाली आलं, दगड ओला, आणि त्या मनगटावर पडल्या. शेजारी उभं राहायलाही जागा नाही. मागची रांग उलटी उतरली तेव्हा कुठे त्यांना बाहेर काढता आलं. घोळदार पोंचो नको, कमरेपर्यंतचं जाकीट घ्या. हात मोकळे ठेवा.

धुक्याने दरी दिसू दिली नाही, पण गोल घरांच्या भिंतींवरची चौकटीची नक्षी हाताच्या अंतरावरून निवांत बघता आली. तेवढं पावसाचं देणं.

न्वेवो तिंगोहून निघणाऱ्या रोपवेमुळे (२०१७ पासून) जवळपास ४ किलोमीटरचं अंतर वीसेक मिनिटांत कापलं जातं, तरी वरच्या स्थानकापासून गडापर्यंत चढ उरतोच. विजा कडाडल्या की पाळणे थांबतात; परतताना आम्ही तिथेच ताटकळलो. खाली रस्त्यांवर दरडीही येतात. हाएनहून विमान असेल तर मध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, आणि गडाआधीची रात्र चाचापोयास शहरात काढा, म्हणजे उंचीची दमछाक तिथेच थोडी जिरते.