आधी टेबल, मग चीर

अगं चिऊ, मान दुखते म्हणालीस आणि पाठोपाठ "जाऊ दे ताई, सगळ्यांचीच दुखते" असंही म्हणालीस. ते "सगळ्यांचीच" मला फार लागलं.

खोटं नाही ते. ॲड्रियन पार्क आणि सहकाऱ्यांनी २०१० साली छापलेल्या पाहणीत लॅप्रोस्कोपी करणाऱ्या ३१७ सर्जननी उत्तरं दिली होती. त्यातल्या ८७ टक्के जणांना काही ना काही दुखणं होतं. पण म्हणून ते सोसायचंच, हे मला मान्य नाही. "इतके दिवस अंगावर का काढलंत?" म्हणून पेशंटला आपणच रागावतो ना?

आता तुझं टेबल. दुर्बिणीच्या ऑपरेशनला ते नेहमीपेक्षा बरंच खाली हवं. अवजारं लांब असतात, शिवाय गॅस भरला की पोट वर येतं. हातातली मूठ कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली राहिली की खांदे आपोआप उतरतात. तुमचे सर उंच, टेबल त्यांच्या मापाचं. मग तू फूटस्टूल माग. सिस्टर कुरकुरल्या तरी माग. कॉटरीचं पेडलही त्याच उंचीवर घे, नाहीतर अख्खं ऑपरेशन एका पायावर तोलून करशील. मॉनिटर अगदी समोर, नजरेच्या जरा खाली. हे सगळं वॉश होण्याआधी. एकदा ड्रेप पडले की कोणी काही हलवत नाही.

तुला सहा नंबरचे ग्लोव्हज लागतात. स्टेपलरची मूठ मोठ्या पंजासाठी बनलेली. दोन्ही हातांनी दाबावी लागली तर खुशाल दाब, लाजू नकोस. कमी तू पडत नाहीस, माप चुकलंय.

दर २० ते ४० मिनिटांनी दीडेक मिनिट थांबून, हात निर्जंतुक ठेवूनच मान-खांदे मोकळे केले तर दुखणं कमी होतं आणि ऑपरेशन लांबत नाही, हे अभ्यासात दिसलंय. रिट्रॅक्टर धरून उभ्या असलेल्या रेसिडेंटला ही मुभा कोण देणार, मला ठाऊक आहे. तरी काढलेला भाग बाहेर घेताना, कॅमेरा पुसताना क्षण मिळतोच. तेवढ्यात खांदे मागे फिरव, हनुवटी आत ओढ.

आणि एक खरं सांग, बोटांना मुंग्या येतात का? रात्री जाग येते त्याने? येत असेल तर गोळी गिळून ओटीत शिरू नकोस. याच आठवड्यात ऑर्थोच्या ओपीडीत जा. नस मानेत दबतेय की मनगटात, ते त्यांना बघू दे. सरांशी मी बोलू का? नको असेल तर तसं सांग, पण गप्प बसू नकोस.