केळीच्या बागेतला कॅमेरा नीट जागा कसा करावा

मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-चारठाणा भागात वाघ जंगलापुरता राहत नाही, केळीच्या बागांतही वावरतो. शिरपूरकडे, अनेर धरणाच्या आजूबाजूला शेत आणि रान एकमेकांना लागूनच आहेत. अशा ठिकाणी लावायचा कॅमेरा बॅटरीवर चालतो, त्यामुळे तो जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरने इशारा दिला की जागा होतो, फोटो घेतो आणि पुन्हा झोपतो. म्हणजे टेबलावरच्या बोर्डाला दिवसातून एकदा वीज मिळत असेल, तर याला वाऱ्याने पानं हलली तरी मिळते. बांभोरी, शिरपूर, धुळे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत असा प्रकल्प हाती घेणाऱ्यांनी वीज देण्याच्या क्रमाकडे म्हणूनच जास्त काटेकोरपणे पाहायला हवं. फोटो येत नसला की सगळे आधी कोड तपासत बसतात. मी आधी पुरवठे तपासायला सांगेन.

उदाहरणासाठी ओमनीव्हिजनचा ओव्ही५६४० हा इमेज सेन्सर घेऊ आणि त्याला वीज देणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस६८४७० ही चिप. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस गो टॅबलेटमध्ये कॅमेऱ्यांना वीज देते ती हीच. तिचा लिनक्स ड्रायव्हर खुला आहे. काम सुरू करण्याआधी तो एकदा वाचाच.

सुरुवात कागदावर करा. या सेन्सरला बाहेरून दोन पुरवठे लागतात: पिनांसाठी १.८ व्होल्टचा डीओव्हीडीडी आणि ॲनालॉग भागासाठी २.८ व्होल्टचा एव्हीडीडी. आतल्या डिजिटल भागाचे १.५ व्होल्ट तो स्वतः तयार करू शकतो. डीओव्हीडीडी चिपच्या व्हीएसआयओ या आउटपुटवर जोडा आणि एव्हीडीडी एएनए या आउटपुटवर. आता एका आडव्या रेषेवर वेळ मांडा आणि दोन्ही पुरवठे, पॉवर-डाउन पिन, रिसेट पिन, क्लॉक यांच्या रेषा एकाखाली एक काढा. हा कागद पुढे ऑसिलोस्कोपशेजारी ठेवायचा आहे.

आउटपुट चालू करण्याआधी व्होल्टेजचे आकडे रजिस्टरमध्ये भरा. या दोन्ही आउटपुटांची सुरुवात ०.८७५ व्होल्टपासून होते आणि प्रत्येक पायरी १७.८ मिलिव्होल्टची असते. ५२ भरलं की १.८००६ व्होल्ट मिळतात, १०९ भरलं की २.८१५२. सेन्सरच्या एव्हीडीडीला २.६ ते ३.० व्होल्ट चालतात, त्यामुळे वरचे पंधरा मिलिव्होल्ट चिंतेचे नाहीत. व्हीआयओ हे आउटपुट कायम चालू असतं. त्यालाही व्हीएसआयओइतकंच, म्हणजे ५२ द्या. भरलेला प्रत्येक आकडा परत वाचून पाहा आणि मगच पुढे जा.

आता चढता क्रम. रिसेट पिन खाली धरा. पॉवर-डाउन पिन सुरुवातीला वर असायला हवी, पण पुरवठा नसताना तिला बाहेरून १.८ व्होल्ट देऊ नका. तिचा पुलअप थेट डीओव्हीडीडीवर बांधा आणि तिला चालवणारी जीपीआयओ पिन ओपन-ड्रेन ठेवा. मग पुरवठ्याबरोबर ती आपोआप वर येते. डीओव्हीडीडी चालू करा, तो स्थिर झाला की एव्हीडीडी. एव्हीडीडी स्थिर झाल्यावर किमान ५ मिलिसेकंद थांबून पॉवर-डाउन खाली आणा. आणखी किमान १ मिलिसेकंदाने रिसेट सोडा. त्यानंतर २० मिलिसेकंद सेन्सरशी काही बोलू नका. क्लॉक मी एव्हीडीडीनंतर लगेच सुरू करतो. रजिस्टर वाचण्याआधी तो किमान १ मिलिसेकंद चालू असला पाहिजे.

सगळं मिळून जेमतेम तीस मिलिसेकंद जातात. वाघ निसटेल म्हणून यातच काटछाट करायचा मोह होतो. करू नका. उजेडाचा अंदाज घेऊन एक्स्पोजर स्थिर होण्यात यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. वाचवायचा तर तिथे वाचवा.

सेन्सरची ओळख तपासणं सोपं आहे. आयटूसीच्या ३सी या पत्त्यावर ३००ए आणि ३००बी ही रजिस्टरं वाचली की ५६ आणि ४० यायला हवं. हे सगळे आकडे हेक्साडेसिमल आहेत. स्कोपचा प्रोब मात्र पॉवर चिपपाशी न लावता केबलच्या पलीकडे, सेन्सरच्या कनेक्टरवर लावा. स्कोप दोनच चॅनेलचा असेल तर एक कायम डीओव्हीडीडीवर ठेवून दुसरा एकेका रेषेवर फिरवा.

इथपर्यंत बहुतेक जण नीट येतात. खरी अडचण उतरताना असते. झोपवताना क्रम उलटा: आधी सेन्सरला रजिस्टरमधून स्टँडबायमध्ये न्या, क्लॉक बंद करा, रिसेट खाली, मग एव्हीडीडी आणि शेवटी डीओव्हीडीडी. त्यानंतर दोन्ही रेषा खरोखर शून्यावर जातात का ते पाहा. डीओव्हीडीडी अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला असेल तर कुठली तरी वर राहिलेली पिन, बहुतेकदा आयटूसीचा पुलअप किंवा क्लॉक, सेन्सरच्या आतल्या संरक्षक डायोडांतून त्याला वीज पुरवते आहे. अशा अर्धवट झोपेतून सेन्सर उठला की त्याचा भरवसा नाही. ती पिन शोधून खाली आणा. पुरवठ्यावरचा कपॅसिटर लवकर रिकामा होण्यासाठी पुरवठा बंद असतानाच जोडला जाणारा रेझिस्टर द्या: १० मायक्रोफॅरड आणि १ किलोओहम असेल तर ५० मिलिसेकंदांत रेषा जवळपास शून्यावर येते.

मग हजार वेळा उठवा आणि झोपवा. दर वेळी मधला बंद काळ बदला, १० मिलिसेकंदांपासून एका सेकंदापर्यंत, आणि प्रत्येक वेळी ओळख वाचून नोंदवा. चुका ठरावीक बंद काळाभोवतीच गोळा झाल्या, तर दोष उतरत्या क्रमात आहे असं समजा.

हीच चाचणी मे महिन्यात भर दुपारी, कॅमेऱ्याचा डबा बंद करून, गच्चीवर पुन्हा घ्या. जळगाव-धुळ्यात सावलीतला पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हातल्या बंद डब्यात तो त्याहून वर असतो. ओव्ही५६४० ७० अंशांपर्यंत चालतो, पण चांगल्या चित्राची हमी ५० अंशांपर्यंतच आहे. डब्याला पांढरा रंग आणि वर छप्पर हवंच. तो वनक्षेत्रात लावायचा असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

शेवटी प्रोग्रॅममध्ये एक सोय ठेवा. ओळख चुकीची आली तर सगळे पुरवठे बंद करून २०० मिलिसेकंद थांबायचं आणि पूर्ण क्रम पुन्हा चालवायचा. तीनदा जमलं नाही तर वेळ, तापमान आणि आधीचा बंद काळ नोंदवून कॅमेऱ्याने पुढच्या इशाऱ्यापर्यंत झोपायचं, बॅटरी संपवायची नाही.